भांबुर्ड्याचं नाव पाटीवर लिहा



शनिवारवाड्याकडून नव्या पुलावर आलात की खाली मुठा आणि पलीकडच्या काठावर गावठाण लागतं. पूल 1923 सालचा. त्या काठावरचं गाव मात्र पेशवाईच्याही आधीचं. त्याचं नाव भांबुर्डे. आज रिक्षावाल्याला ‘भांबुर्ड्याला घ्या’ म्हणून पाहा. दहांतले नऊ जण विचारतील, हे कुठं आलं?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा भाग आता ज्या नावाने ओळखला जातो, त्या शिवाजीनगर या नावाबद्दल आमची तक्रार नाही. महाराजांचं नाव माथ्यावर आहे, याचा आम्हांला अभिमानच आहे. पण एवढ्या मोठ्या उपनगराला ते नाव देताना त्याच्या पोटातल्या गावाचं नाव पुसायची काही गरज नव्हती. कोथरूड शहरात आलं ते कोथरूड म्हणूनच. एरंडवणे, पर्वती, वानवडी यांनीही आपापली नावं राखली. आमचं गेलं. हिंगणे बुद्रुकचंही गेलं. तिथं आता सगळे कर्वेनगरच म्हणतात.

सरकारदरबारी हे नाव अजून जिवंत आहे. इथल्या घराची मिळकत पत्रिका काढा, त्यावर भांबुर्डा लिहिलेलं सापडेल. टेकडीवरच्या जंगलाला वनखातं भांबुर्डा वन म्हणतं. जमीन मोजायला आणि झाडं राखायला हे नाव चालतं, तर रस्त्यावरच्या पाटीवर का चालत नाही?

आणि हे नाव काही कालपरवाचं नव्हे. जंगली महाराज रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात. ज्यांच्या नावाचा तो रस्ता, ते सद्गुरू जंगली महाराज भांबुर्ड्यात राहिले आणि 1890 साली इथंच समाधिस्थ झाले. त्यांच्या समाधीला लागूनच पाताळेश्वर आहे. आठव्या शतकात कुणी कारागीर इथल्या काळ्या खडकात खाली उतरत गेले, एकाच कातळातून खांब आणि गाभारा काढला, पुढ्यात नंदीचा गोल मंडप उभा केला, आणि काम पुरं न होताच थांबले. पुण्यात येणारा प्रत्येक पाहुणा ते लेणं बघतो. आपण भांबुर्ड्यात उभे आहोत, हे त्याला कुणी सांगत नाही. गावठाणात आमचा रोकडोबा आहे. गावाचं नाव गेलं तरी ग्रामदैवत जागचं हललेलं नाही.

सर्वांत जास्त सलते ती गोष्ट पुढे आहे. पुणे महानगरपालिकेची मुख्य इमारत याच गावठाणाच्या कडेला उभी आहे. सगळ्या शहराच्या पाट्या जिथून मंजूर होतात, त्या दारातल्या गावालाच पाटी नाही. ऑगस्ट 2023 मध्ये तिथं मेट्रो आली, तेव्हा चूक सुधारायची संधी होती. स्थानकाला नाव दिलं ‘पीएमसी’. मागं एवढा इतिहास असलेल्या जागेला तीन इंग्रजी अक्षरं! ‘भांबुर्डे’ लिहायला त्याहून जास्त जागा लागली नसती.

हा प्रश्न एकट्या आमचा नाही. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. सूस, म्हाळुंगे, मांजरी, नांदोशी, कोळेवाडी: ही नावं आज लोकांच्या तोंडी आहेत. तिथं उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांच्या कमानींवर काय लिहिलंय ते जाऊन बघा. पन्नास वर्षांनी ओढ्याचं, वाडीचं, शिवाराचं नाव कुणाला विचारणार? नाव गेलं की म्हाताऱ्यांची आठवणही बिनपत्त्याची होते. 1961 च्या पानशेतच्या पुराबद्दल ‘पाणी भांबुर्ड्यात शिरलं’ असं आजी सांगते, आणि नातवाला ती दुसऱ्याच कुठल्या गावाची गोष्ट वाटते.

आमची मागणी मोठी नाही. गावठाणाच्या तोंडाशी आणि पुलाच्या या टोकाला ‘भांबुर्डे गावठाण’ अशी ठळक पाटी लावा. पाताळेश्वराच्या माहितीफलकावर गावाचं नाव घाला. मेट्रो स्थानकाच्या नावात भांबुर्डे जोडा. ‘शिवाजीनगर’ मधलं एक अक्षरही हलवू नका.

महापालिका हे करील तेव्हा करील. तोवर गावठाणातल्या प्रत्येक दुकानदाराने आपल्या फलकावर, प्रत्येक मंडळाने आपल्या वर्गणीच्या पावतीवर आणि प्रत्येक घराने लग्नपत्रिकेवर पत्ता असा लिहावा: भांबुर्डे, शिवाजीनगर, पुणे.