ईसीजी बेंगळुरूला पोचतो, पण खलाशी जेटीवर कधी पोचणार?



आरोग्याच्या धंद्यात सध्या नव्या कंपन्यांची रांग लागली आहे. मोबाईलवर डॉक्टर, ॲपवर औषधं, घरी येऊन रक्त नेणारा पोरगा. यातलं बरंचसं पणजी-मडगावच्या फ्लॅटवाल्यांसाठी आहे. पहाटे चारला जेटीवर लिलावाला उभा असलेला माणूस ॲपवर डॉक्टर शोधत बसत नाही. पण एक काम असं झालंय की त्याबद्दल प्रत्येक बोटमालकाला माहिती हवीच. ते म्हणजे स्टेमी गोवा प्रकल्प, २०१८ साली सुरू झालेला.

स्टेमी हा हार्ट अटॅकचा एक प्रकार. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते आणि मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते लवकर मिळालं तर. पहिल्या एक-दोन तासांत मिळालं तर सोनं, बारा तास उलटले की त्याचा फारसा उपयोग राहत नाही. पूर्वी काय व्हायचं? आरोग्य केंद्रातला डॉक्टर एकटा. ईसीजीवरच्या रेघा बघून त्याला शंका यायची, पण इंजेक्शन द्यायचं धाडस कसं करणार? चुकीच्या माणसाला दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो. मग चिठ्ठी लिहायचा, ‘बांबोळीला न्या.’ काणकोणातून बांबोळीला जायला रस्ता मोकळा असला तरी तासापेक्षा जास्त लागतो. गाडी मिळेपर्यंतचा वेळ वेगळाच.

इथे बेंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. चरित भोगराज यांनी सुरू केलेली ट्रायकॉग कंपनी कामाला आली. केंद्रातल्या मशीनवर काढलेला ईसीजी नेटवरून त्यांच्या बेंगळुरूच्या केंद्रात जातो. आधी कॉम्प्युटर बघतो, मग तिथला डॉक्टर तपासतो आणि काही मिनिटांत उत्तर येतं. स्टेमी असेल तर गोमेकॉचे डॉक्टर फोनवर सल्ला देतात, इंजेक्शन जवळच्याच केंद्रात देतात आणि मग १०८ मधून रुग्ण बांबोळीला जातो. बाजारात हजारो रुपयांना मिळणारं हे इंजेक्शन रुग्णाला फुकट.

आमचं म्हणणं असं, की हे एकट्या कंपनीचं यश नाही. मशीन आणि डोकं कंपनीचं. पण ते सरकारी केंद्रात बसलं, औषधाचा खर्च सरकारने उचलला, गोमेकॉतला डॉक्टर रात्री फोन उचलायला तयार झाला, म्हणून ते खारीवाड्यापर्यंत पोचलं. हीच सेवा महिना इतके रुपये भरा म्हणून आमच्या दारात आली असती तर किती जणांनी घेतली असती? उद्योजक हवेतच, पण त्यांचा माल पीएचसीच्या टेबलावर हवा.

बायकांच्या बाबतीतही तसंच. २०२१ पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोंय’ या मोहिमेत हातात मावणाऱ्या एका यंत्राने स्तनांची तपासणी होते. आयब्रेस्ट एक्झाम असं त्याचं नाव. कपडा फाटेपर्यंत कॅमेऱ्यासमोर ताटकळणं नाही, दुखत नाही, किरण नाहीत. आरोग्यसेविकाच करते. यंत्राने गाठीची शंका दाखवली तर पुढच्या तपासण्या हॉस्पिटलात कराव्या लागतात, ते टाळू नका. मासळी मार्केटात बसणाऱ्या आमच्या बायका टोपली सोडून हॉस्पिटलच्या रांगेत जात नाहीत, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे शिबिर मार्केटातच, दुपारी विक्री आटोपल्यावर लागावं, अशी आमची मागणी आहे.

आता खरी अडचण. ही सगळी यंत्रणा किनाऱ्यावर आहे आणि आपली माणसं आठ-दहा दिवस पाण्यात. ट्रॉलरवर कुणाच्या छातीत कळ आली की पहिला निकाल ठरलेला असतो, ‘गॅस झालाय, सोडा दे.’ डावा हात भरून येतो, घाम फुटतो, तरी तांडेल म्हणतो जाळं ओढून घेऊ, मग बघू. त्यात बारा तास कधी जातात कळत नाही. मोबाईलची रेंज तर थोडं आत गेलं की संपली.

इस्रोने बनवलेले ट्रान्सपॉन्डर १ लाख बोटींवर बसवायची केंद्राची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झाली. रेंज नसलेल्या जागेहूनही त्यावरून किनाऱ्यावर संदेश जातो. काही मालकांना वाटतं हे आपल्यावर नजर ठेवायला आहे. असेलही. पण खलाशी डेकवर आडवा पडलेला असताना तेच एक यंत्र तुमचं म्हणणं किनाऱ्याला सांगू शकतं. व्हीएचएफ असेल तर चॅनल १६ वर हाक द्या, रेंज असेल तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४. आणि बोट वळवा. एका फेरीच्या डिझेलचा हिशोब नंतर करता येतो.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी, कितीही कडू लागली तरी. २०२४ साली कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली आणि खलाशी दगावले. त्या साथीवर कसल्या ॲपची गरज होती? स्वच्छ पाणी आणि पुरेसे संडास, एवढंच. जेटीवर नुसता नवा चकचकीत आरोग्य किऑस्क बसवून फोटो काढायला कोणी आलं तर आम्ही आधी नळ कुठे आहे ते विचारणार. हे काम सरकारचं तसं बोटमालकांचंही आहे.

खलाशांच्या कार्डाचाही घोळ आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यात पाच वर्षांचा रहिवास लागतो. झारखंडहून हंगामापुरता आलेला मुलगा त्यात बसत नाही. त्याच्या गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथे चालू शकतं, पण कार्ड असतं गावी आईच्या पेटीत.

म्हणून संस्थेने आरोग्य खात्याला द्यायचं पत्र तयार केलंय. हंगामात जेटीजवळ ईसीजीची सोय आणि तांडेलांना छातीत दुखण्याची लक्षणं ओळखायचं एक दिवसाचं शिक्षण, या दोन मागण्या आहेत. पत्रासोबत यादी जोडायची आहे. ३१ जुलैला बंदी संपण्याआधी प्रत्येक मालकाने आपल्या बोटीवरच्या खलाशांची नावं, वय, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का आणि आयुष्मान कार्ड आहे की नाही, हे कागदावर लिहून ऑफिसात द्यावं. कार्डाचा फोटो गावाहून व्हॉट्सॲपवर मागवून ठेवला तरी चालेल. ऑफिस सकाळी लिलावानंतर उघडं असतं.