धाप आणि धास्ती

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाची 2023 साली फेररचना झाली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांच्या पंक्तीला दमा व ‘सीओपीडी’ हे विकारही घेण्यात आले. उशिरा का होईना, हे योग्यच झाले. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडीचे 1990 साली देशात सुमारे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते; 2016 मध्ये ती संख्या 5 कोटी 53 लाखांवर गेली, असा राज्यवार रोगभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. लोकसंख्या आणि आयुर्मान वाढले हे लक्षात घेतले, तरी आकडा लहान ठरत नाही.

परंतु या मोजदादीत रुग्णाची भीती कोठेच धरलेली नाही.

बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा एखादा निवृत्त कारकून किंवा शिक्षक घ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला धाप लागते. या रोगात अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर टाकण्याची अधिक असते. माणूस घाबरला की श्वास भराभर आणि उथळ होतो. आतली हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास येऊन ठेपतो. छाती फुगलेलीच राहते, धाप वाढते आणि धापेबरोबर भीतीही. आता आपण उरत नाही, असे त्याला वाटू लागते. ही भीती काल्पनिक नव्हे. छातीच तिला दर क्षणी पुरावा पुरवीत असते. भरीला, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या काही औषधांनी हृदयाची धडधड व हातांचा कंप वाढतो आणि रुग्णाला तोही नवा झटकाच वाटतो. अशा माणसाला घरचे लोक ‘जरा दम धरा’ म्हणतात! मराठीत श्वासाला आणि धीराला एकच शब्द आहे खरा. पण ज्याच्यापाशी पहिला नाही, त्याने दुसरा कोठून आणायचा?

पुढची पायरी अधिक मूक असते. जिन्याच्या धसक्याने बाजार सुटतो, मग संध्याकाळचे फिरणे, मग लग्नकार्ये. चार माणसांत खोकल्याची उबळ येईल किंवा खिशातून ‘पंप’ काढावा लागेल, याचा संकोच असतोच. हालचाल थांबली की स्नायू दुर्बळ होतात आणि पूर्वी दोन मजल्यांनी लागणारी धाप एका मजल्याने लागू लागते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशात रस नाही. हे सारे नैराश्याचेही लक्षण आहे आणि फुप्फुसाच्या रोगाचेही. त्यामुळे डॉक्टर ते रोगाच्या खाती मांडतात आणि कुटुंबीय वयाच्या. वास्तविक या रुग्णांत चिंता आणि नैराश्य सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच अधिक आढळते. असा रुग्ण औषधे टाळतो, त्याची विडी सुटत नाही आणि त्याला पुनःपुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते. म्हणजे केवळ खर्चाचा विचार करणाऱ्या प्रशासनानेही या भीतीकडे पाहावयास हवे.

विडी ओढणाऱ्याला निदान आपल्या रोगाचे कारण ठाऊक असते, आणि त्याबद्दलचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. जन्मात विडीला न शिवलेल्या, पण चुलीच्या धुराने हाच रोग जडलेल्या असंख्य स्त्रियांना तेही मिळत नाही. उज्ज्वला योजनेने 2016 पासून कोट्यवधी घरांत गॅस पोहोचविला. तीस वर्षांचा आत गेलेला धूर मात्र तो परत घेऊ शकत नाही. धापेने खाली बसलेल्या सासूबाई ‘नाटक करतात’ असे ठरविणारी घरे कमी नाहीत. छातीत भरून येते, जीव घाबरा होतो, एवढेच त्या सांगतात आणि त्या एका वाक्यात त्यांचे दोन्ही आजार आलेले असतात.

उपाय नाहीत असेही नाही. पुढे झुकून बसणे, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणे, देखरेखीखाली चालणे व स्नायूंचे व्यायाम करणे, या श्वसन-पुनर्वसनाने धाप कमी होते आणि चिंता-नैराश्यही उतरते, हे सिद्ध झाले आहे. त्यासाठी लागतो तो शिकविणारा माणूस, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी नसतो. त्याच्या जागी शेजारच्या सल्ल्याने घेतलेली झोपेची गोळी येते. काही झोपेच्या गोळ्या श्वसन मंद करतात, त्यामुळे या रोगात ती घातकही ठरू शकते. नैराश्यावरील औषधे असोत वा समुपदेशन, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच हवे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे; 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही दूरध्वनी सेवाही आहे. पण छातीचा रुग्ण मनाच्या खिडकीपाशी आपण होऊन जात नाही. तेथे जाणे म्हणजे वेडा ठरणे, अशी त्याची समजूत असते. तेव्हा ती विचारपूस छातीच्या खिडकीपाशीच व्हावयास हवी. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न राहिले काय, नेहमीच्या गोष्टींतला रस गेला काय, हे दोन प्रश्न परिचारिकाही विचारू शकेल. आज त्या केसपेपरवर वजन लिहितात, रक्तदाब लिहितात, विडी किती वर्षे ओढली तेही लिहितात. या दोन उत्तरांसाठी त्यावर आणखी एक ओळ छापावी लागेल.