योग, यूट्यूब आणि आबा

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक नवीन मुलगा विचारत होता, "दादा, योगा चालू करायचाय. चांगलं चॅनल कुठलं?"

प्रश्न साधा. उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं, कारण गेल्या चार वर्षांत योगासनांचे व्हिडिओ बघण्यात मी जेवढा वेळ घालवलाय तेवढ्यात एखाद्याची पीएच.डी. झाली असती. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "चॅनल राहू दे. तुला बघणारं कोणी आहे का?"

तो बिचारा लाजला. त्याला वाटलं मी लग्नाचं विचारतोय.

तर हा शनिवार त्या उत्तरासाठी. कँटीनमध्ये नीट सांगता आलं नाही.

माझी सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. दहा-दहा तास लॅपटॉपसमोर, मान पुढे, पाठीला बाक. एक दिवस मान अशी धरली की डावीकडे बघायचं तर खुर्चीसकट फिरावं लागायचं. मग आपली जात जे करते ते केलं: रिसर्च! तीन आठवडे रिसर्च. हठ की विन्यास, अय्यंगार की अष्टांग, मॅट चार मिलिमीटरची की सहा. ब्राउझरमध्ये 'योग' नावाचं फोल्डर झालं, मग 'योग नवीन', मग 'योग फायनल'. (फाईलच्या नावात फायनल आलं की ती कधीच फायनल नसते, हे तुम्हाला सांगायला नको.) सहा मिलिमीटरची मॅट आली आणि कपाटामागे उभी राहिली.

शेवटी एकदा सुरू केलं. दहाव्या दिवशी एका व्हिडिओसमोर सर्वांगासन केलं. पाय वर गेले, म्हणून भलताच खूश झालो. आणि पाय छान सरळ आहेत का हे बघायला स्क्रीनकडे मान वळवली. सर्वांगासनात मान वळवायची नसते हे व्हिडिओतल्या बाई सांगत होत्या की नाही, आठवत नाही. सांगत असतील. पण मी मान वळवली हे त्यांना दिसणार कसं? पुढचे दोन महिने फिजिओथेरपी. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शिकलात कुणाकडून?" मी चॅनलचं नाव सांगितलं. "मी कुणाकडून विचारलं," त्या म्हणाल्या.

तरी मी सुधारलो नाही. मान बरी झाली आणि मी आईला कपालभातीच्या व्हिडिओची लिंक पाठवली.

आई रहिमतपूरला असते. वय ५८, ब्लडप्रेशरची गोळी सुरू. शेजारच्या काकू करतात, तू पण चांगलं काहीतरी पाठव, म्हणाली. मी सगळ्यात जास्त व्ह्यूज असलेला व्हिडिओ पाठवला. व्ह्यूज जास्त म्हणजे चांगला, असं मी, रोज डेटावर काम करणारा माणूस, खरंच समजत होतो. चौथ्या दिवशी सकाळी तिने जोरजोरात दोन फेऱ्या केल्या, उठून चहा टाकायला गेली आणि चक्कर आली. ओट्याला धरून खाली बसली म्हणून वाचली, नाहीतर गॅस पेटलेला होता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की प्रेशर असताना हे करायचंच नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. सूचना होती हो! अगदी सुरुवातीला, बारीक अक्षरांत, इंग्रजीत, पाच सेकंद. आईने ती वाचली नाही. मीही वाचली नव्हती, आणि मला तर इंग्रजी येतं.

ती लिंक मी पाठवली होती. हे अजून डोक्यातून जात नाही.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा पहाटे गच्चीवर सूर्यनमस्कार घालत होतो. मॅट, टाइट्स, कानात इअरफोन, सगळा सरंजाम. आबा (माझे आजोबा, वय ८८) काठी टेकत वर आले, कठड्याला टेकून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, कोपरं कुठं चाललीत? अंगाला धर की. आन् कंबर पडतीय खाली."

मी इअरफोन काढले. कोपरं अंगाशी घेतली. खांद्यात रोज टोचायचं ते टोचलं नाही.

चार वर्षं, शेकडो तास व्हिडिओ, आणि माझी कोपरं बाहेर जातात हे मला पहिल्यांदा सांगितलं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याने!

"आबा, तुम्ही योगा कधी शिकलात?"

"योगा कसला? नमस्कार घालायचो आम्ही. औंधला. शाळेत."

आबा लहानपणी काही वर्षं मामांकडे औंधला होते. रहिमतपूर हे औंधचं जवळचं रेल्वे स्टेशन. पूर्वी औंधला येणारा पाहुणा इथे उतरून पुढे जायचा. आम्ही मात्र औंधला यमाईच्या दर्शनाला आणि म्युझियम बघायला जायचो, बस. त्या म्युझियममध्ये हेन्री मूरचं एक शिल्प आहे, हे सांगितलं तर पुण्यातल्या मित्रांचा विश्वास बसत नाही. पण ज्या राजाने ते म्युझियम १९३८ मध्ये उभं केलं त्याच राजाने सूर्यनमस्कार जगभर पोचवले, हे मला गच्चीवरच्या त्या सकाळनंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं. दिव्याखाली अंधार.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. यांची गोष्ट वाचताना मला सारखं हसू येत होतं, कारण सुरुवात अगदी आपल्यासारखी आहे. १८९७ च्या सुमारास त्यांनी यूजीन सँडो या युरोपातल्या त्या काळच्या सुपरस्टार पहिलवानाची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली. म्हणजे त्यांच्या काळचं 'ऑनलाइन प्रोग्रॅम विथ किट'! दहाएक वर्षं ते त्या पद्धतीने व्यायाम करत होते. मग १९०८ च्या आसपास मिरजेच्या संस्थानिकांचं पाहून ते नमस्काराकडे वळले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५१ पर्यंत, नमस्कार हेच त्यांचं वेड झालं. पुस्तकं लिहिली, चित्रं छापली. १९३८ मध्ये लंडनला लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' निघालं. टेन पॉइंट, कारण औंधच्या नमस्कारात दहा स्थिती. हल्ली बारा शिकवतात, आणि दहा बरोबर की बारा यावर लोक तावातावाने भांडतात. आबांना विचारलं तर म्हणाले, "आधी एक तर नीट घाल."

आबांचं 'नमस्कार घालायचो' हे बोलणंही मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नमस्कार ही तालमीच्या घरातली गोष्ट, जोर-बैठकांची भावंडं. त्याला सरसकट 'योगा' म्हणायची पद्धत अलीकडची.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. राजाकडे रिसोर्सेस भरपूर होते: पुस्तक, चित्रं, स्वतःचा छापखाना म्हणा, पैसा म्हणा. तरी पुस्तक वाटून तो थांबला नाही. त्याने संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, सक्तीचे केले. आबांच्या आठवणीत पुस्तक नाहीच. आठवणीत आहेत ते रांगांमधून फिरणारे गुरुजी. "स्वतः घालून दाखवायचे?" मी विचारलं. "एकदा दाखवायचे. मग नुसतं फिरायचे. कोपर बाहेर दिसलं की छडी टेकवायचे तिथं." (मारायचे नाहीत का? "मारायचे की. पण ते गणिताला.") आज माझ्या मुलाला शाळेत कुणी अशी सक्ती केली तर मीच पहिली बोंब मारीन. पण ते फिरणं मला हवंय.

आसन करताना स्वतःचं अंग स्वतःला दिसत नाही. आपल्याला वाटतं पाठ सरळ आहे. ती नसते. म्हणजे कोड लिहिणाऱ्यालाच कोड तपासायला सांगण्यासारखं. आपण दोन ओळी बदलल्या तरी दुसऱ्याच्या नजरेखालून घालतो, आणि मानेचे मणके मात्र एकट्याने, मोबाईलसमोर, थेट प्रॉडक्शनवर.

आता दुसरी बाजू. क्लास परवडत नाही, शिफ्ट असते, गावात कोणी शिकवणारं नसतं. मान्य. आणि क्लास म्हटलं की डोळे मिटून विश्वास ठेवावा अशीही परिस्थिती नाही. 'सर्टिफाइड टीचर' या पाटीमागे बऱ्याचदा दोनशे तासांचा कोर्स असतो. अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेमुळे तो दोनशेचा आकडा सगळीकडे रूढ झाला. दोनशे तास म्हणजे आपल्या हिशेबाने ऑफिसचे पाच आठवडे. पाच आठवडे झालेल्या मुलाला तुम्ही सर्व्हरचा पासवर्ड द्याल? शिकवायला तो पुढे चांगला होईलही, पण पहिली मान तुमची कशाला?

म्हणून मी क्लासला गेलो की आता पाटी बघत नाही. पहिल्या दिवशी काय विचारतात ते बघतो. प्रेशर आहे का, चक्कर येते का, डोळ्यांचा काचबिंदू, हर्निया, स्लिप डिस्क, नुकतं ऑपरेशन.. हे न विचारता जो थेट 'चला, पाय वर' म्हणतो तिथून चप्पल घालून बाहेर. दुसरं, शिकवणारा तासभर स्वतःच पुढे सुंदर आसनं करत बसतो, की उठून तुमच्यापाशी येतो. सुंदर आसनं बघायला फोन आहे की घरी.

आणि आपण महाराष्ट्रात राहतो, याचं भान आपल्याला नाही. लोक कुठून कुठून विमानाने येतात त्या जागा आपल्या लोकलच्या अंतरावर आहेत. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटची सुरुवात १९१८ ची. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनांनी शरीरात नक्की काय होतं हे एक्स-रे आणि मोजमापाने तपासू बघणारा हा माणूस शंभर वर्षांपूर्वी वीकेंडला आपण चिक्की घ्यायला जातो त्या गावात बसला होता. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. भिंत, पट्टा, घोंगडी, खुर्ची यांच्या आधाराने आसन तुमच्या अंगाला जमेल असं करायचं, ही त्यांची देणगी. कडक पाठीच्या आयटीवाल्यांसाठी याहून सोयीचं काही मला तरी माहीत नाही.

पुस्तक हवंच असेल तर अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' (१९६६). मराठीत 'योगदीपिका'. त्यात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा दिलाय आणि शेवटी आठवड्यांचं वेळापत्रक आहे, जे तीनशे आठवड्यांपर्यंत जातं. तीनशे! आपण 'तीस दिवसांत' वाले. फुकट हवं असेल तर आयुष मंत्रालयाने २१ जूनच्या योगदिनासाठी काढलेली कॉमन योग प्रोटोकॉलची पुस्तिका बघा. त्यात कुणी काय करू नये हे त्या त्या क्रियेपाशी लिहिलंय. कपालभातीपाशीही. तेवढ्या दोन ओळी वाचल्या असत्या तर.. असो.

व्हिडिओ मी सोडलेले नाहीत. क्लासमध्ये शिकलेलं आठवायला ते उत्तम. समोरच्याला तुम्ही दिसता असा कॅमेरा चालू ठेवून घेतलेला ऑनलाइन क्लासही चालेल, पण पन्नास चौकोन असतील तर तुमचा चौकोन कोणी बघत नाही, हे आपल्याला मीटिंगवरून माहीत आहेच. आणि काहीच नसेल तर आसनं उभ्याची आणि बसायचीच ठेवा, डोक्या-खांद्यावरची आणि श्वास कोंडायची सोडून द्या, आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. आबा नसतील तर बायको. ती चुका काढेल, खात्री आहे.

आई आता रहिमतपुरातच एका निवृत्त पी.टी.च्या सरांकडे जाते. देवळाच्या हॉलमध्ये सात-आठ बायका. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना गोळ्यांची पाकिटं घेऊन बोलावलं होतं. आईला अजून कपालभाती नाही, डोकं खाली जाईल असं काही नाही. खुर्ची धरून उभ्याची आसनं आणि सावकाश श्वास. ती जरा नाराज आहे. शेजारच्या काकूंचं बरंच पुढे गेलंय म्हणे.

आमच्या टीममधला तो मुलगा गेल्या शनिवारी एका क्लासला जाऊन आला. सोमवारी तोंड पाडून म्हणाला, "दादा, पाऊण तास नुसतं उभं केलं. ताडासन. टाचा, गुडघे, खांदे, परत टाचा. सारखे येऊन माझी हनुवटी आत ढकलत होते. पैसे वाया गेले का?"

मी म्हटलं, या शनिवारी परत जा.