कोयता परमुलखात, मत कुणाच्या हातात?



निवडणूक आली की पुढारी सांगतात, लोकशाहीत सगळ्यांचे मत सारखे. रावाचे एक, रंकाचे एक. कागदावर हे खरेच आहे. पण मत टाकायला माणूस गावात लागतो. जळकोट, मुखेड, कंधार, अहमदपूरच्या माळरानावरच्या वाड्या आणि तांडे दिवाळी झाली की ओस पडतात. कुणी कोयता घेऊन कारखान्याला जातो, कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी पुण्याकडे. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, या लोकांना गावात तोंड नसते.

आता तारखा बघा. लातूर आणि नांदेड जिल्हा परिषदांचे मतदान २०१२ साली ७ फेब्रुवारीला झाले, २०१७ साली १६ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा तोडणी ऐन भरात होती. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, आणि गाळप सुरू करायची तारीख सरकारने ठरवली होती १५ नोव्हेंबर. पाच दिवस आधी! उसाला पाच दिवस थांबता आले असते. पण कारखान्याचे वेळापत्रक ठरते तेव्हा तोडणाऱ्याच्या मताचा हिशेब कोण करतो?

काही जण म्हणतात, ज्याला मताची किंमत आहे तो येईलच की! त्यांनी कोपीवर जाऊन विचारावे. माणूस उचल घेऊन गेलेला असतो. एक दिवस काम बंद म्हणजे खाडा, तो उचलीत वाढतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकाच्या जाण्याने दोघांची मजुरी बुडते. शिवाय शेकडो किलोमीटरचे भाडे. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसालाही भरपगारी सुट्टी द्यावी, असे कायदा सांगतो. न देणाऱ्या मालकाला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. आणि तोडणीवाल्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. मग कधी तरी उमेदवाराकडून गाडी येते. गाडी ज्याची, डिझेल ज्याचे, मतही त्याचेच होते.

दुसरे शहाणे म्हणतात, कारखान्याच्या गावीच नाव नोंदवा. का नोंदवावे? शेत इथे, रेशन इथे, घरकुलाची यादी इथे. १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा स्पष्ट सांगतो की तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा गावातला रहिवास संपत नाही. आणि तिकडे आपल्याला विचारतो कोण? फडाच्या गावात आपला माणूस 'बाहेरचा' असतो. मुंबईत १९६६ पासून भूमिपुत्राच्या नावाने कधी दक्षिणेकडच्यांवर, कधी उत्तरेकडच्यांवर बोट दाखवले गेले. त्या आरोळीला आपल्याकडूनही टाळ्या पडल्या. पोटासाठी मुलूख सोडणारा मराठवाड्याचा माणूस दुसऱ्याच्या दारात त्याच रांगेत उभा आहे, हे टाळ्या वाजवताना आठवले नाही.

ग्रामसभेची गत आणखी वाईट आहे. वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रिवाजाने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल ते लागतात. जानेवारीत तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे घरी राहिलेले दहा-वीस जण कोपीवरच्या घरांचाही ठराव करून मोकळे.

बरे, तोडणीवाला सदस्य म्हणून निवडून आला तर? ग्रामपंचायतीच्या कायद्यानुसार रजा न घेता सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिलेल्या सदस्याचे पद जाते. रजा द्यायची पंचायतीने, तीही सहा महिन्यांपर्यंतच. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला हे कलम कधी आठवायची गरज पडत नाही. कोरडवाहूवाल्याचा सगळा हंगामच या कलमात अडकतो.

यात जात कशी मिसळली आहे तेही बघा. कोयता उचलणाऱ्यांत बंजारा, वंजारी, मातंग, बौद्ध, धनगर आहेत आणि दोन-तीन एकरवाला मराठाही आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तालुके इकडे आले, बाकीच्या बीदरचा मोठा भाग कर्नाटकात गेला. तांड्याची सोयरीक सीमा ओलांडून चालूच राहिली. पण तोच बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. तिकडे त्याला विधानसभेच्या राखीव जागेवर उभे राहता येते, इकडे येत नाही. एक रक्त, एक भाषा आणि तीन दाखले! पुढारी या दाखल्यांवर आपल्याला एकमेकांशी झुंजवतात. फडात मात्र उचल सगळ्यांची सारखीच फिटत नाही.

सरकारला सोय करता येत नाही असेही नाही. सैनिकाला टपाली मत आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे, ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्याला घरबसल्या आहे. ते योग्यच आहे. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने दुसऱ्या गावातून मत देण्याच्या यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होईल, असे सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावले, विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि गाडे तिथेच रुतले. शंका असतील तर त्या दूर करा. पण २०२४ च्या दोन्ही निवडणुका उरकल्या आणि कोपीवरचा माणूस होता तिथेच राहिला.

गावात राहणारा कापूसवाला म्हणेल, यात माझे काय गेले? भाऊ, तुझेच गेले. २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस वेचून बाजारात यायच्या वेळी. त्या वेळी रस्त्यावर बसायला माणसे हवीत. ती असतात कुठे? फडात. कोरडवाहूचा निम्मा जोर दरवर्षी भाव पडण्याच्या हंगामातच परमुलखात असतो. उसाचे राजकारण करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. वापसा गेल्यावर पेरलेले उगवत नाही, तसेच माणसे निघून गेल्यावर पुकारलेले आंदोलनही उगवत नाही.

म्हणून या बैठकीत मागण्या ठरवू या. एक, मतदान झाल्याशिवाय गाळप सुरू करू नये, आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीचे मतदान तोडणीच्या हंगामात ठेवू नये. दोन, कारखाना स्थळावर मतदानाची सोय व्हावी. तीन, तोडणीला जाणाऱ्या सदस्याला रजा नाकारता येऊ नये. चार, घरकुल, पाणी आणि पुढच्या वर्षाच्या कामांचे ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच व्हावेत.

पाचवी गोष्ट कुणाकडे मागायची नाही, आपणच करायची. पोळा ते दसरा या दिवसांत प्रत्येक वाडी-तांड्यावर बैठक घ्या. कोण कुठल्या कारखान्याला चालले याची वही ठेवा. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचे नाव आहे, आपल्याही वहीत ते असले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती कोयते थांबवायची तयारी होती म्हणून. दर मागता येतो, तसे मतही मागता येते.