पहिल्या चाकरीचा हिशेब

लोहा गांवास आगगाडी नाहीं. नांदेड गांठावयाचें तें रस्त्यानें. त्यामुळें इकडील तरुणाचें घर सोडणें मोटारीच्या थांब्यावरच घडतें, आणि तेथें निरोप देणारीं माणसें इतकीं असतात कीं, रडावयासहि संकोच व्हावा. आमच्या वाचक-कुटुंबांत असा निरोप न दिलेलें घर विरळाच असेल.

आजच्या वडील मंडळींना वाटतें, मुलें बाहेर पडूं लागलीं तीं अलीकडे. तें खरें नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सरकारी चाकरी हवी तर उर्दू आली पाहिजे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतूनच. म्हणजे हैदराबादेस निघालेला मुलगा गांवाबरोबर आपली भाषाहि मागें ठेवी. पगार मिळे तो हाली शिक्क्यांत. ज्या घरांतील एक भाऊ हैदराबादेस व दुसरा पुण्यास, तेथें सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब करावाच लागे, आणि कोणाचा रुपया भारी यावरून जावांजावांत काय चाले तें सांगावयास नको!

नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचें उदाहरण मला या संदर्भांत फार मोलाचें वाटतें. हिंगोलीकडील कुरुंदा हें त्यांचें गांव. शिकावयास ते हैदराबादेस आपले मामा डॉ. नांदापूरकर यांच्याकडे गेले. इंटरच्या परीक्षेनें त्यांना पुनःपुन्हा अडविलें. पुढें नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेंत ते शिक्षक झाले. पीपल्स कॉलेजांतील प्राध्यापकी व प्राचार्यपद हें सर्व त्यानंतरचें. त्या शाळामास्तराचा पगार कोणी विचारला असता तर उत्तरांत सांगण्याजोगें कांहीं नव्हतें. स्वामी रामानंद तीर्थांची वाट तर उलट दिशेची. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं काम केलेला हा तरुण १९२९ सालीं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिकवावयास आला. मोठ्या शहरांतून खेड्याकडे! आज असें कोणी केलें तर घरीं काय म्हणतील?

ही कल्पना करण्याचें कारण आहे. माझ्या परिचयाच्या एका घरांतील मुलगा पुण्यास नोकरीला लागला. पेढे वांटले गेले, पगाराचा आंकडा सोयऱ्याधायऱ्यांत फिरला. वर्षभरांत ती नोकरी गेली. मुलानें चार महिने घरीं कांहीं कळविलें नाहीं. मित्रांकडून उसने घेऊन नेमानें पैसे पाठविले. मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा आली तेव्हां "रजा नाहीं" म्हणून सांगितलें. येणाऱ्या पैशावरून धाकट्याच्या शिकवणीची मोठी रक्कमहि भरली गेली होती. घरांत कोणीहि दुष्ट नव्हतें. परंतु आंकडा एकदां गांवभर सांगितल्यावर तो मागें घेण्याची सोय त्याला कोणी ठेवलीच नव्हती.

मुलींच्या वांट्याला वेगळाच प्रश्न येतो. मुलास विचारतात, "मिळणार किती?"; मुलीस विचारतात, "राहणार कोठें?" तिच्या पगाराची चौकशी मागाहून होते, आणि तीहि बहुधा लग्नाच्या बोलण्यांत. एकीनें मला सांगितलें कीं, वसतिगृहाचा पत्ता चुलत्यांपासून मावशीपर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. ती काम काय करते हें मात्र घरांत एकट्या आजीस ठाऊक.

माझें मत असें कीं, घरीं किती पाठवावयाचें हें निघण्यापूर्वींच मोकळेपणानें ठरवावें, आणि तें पहिल्या सहा महिन्यांपुरतें शून्य असलें तरी चालावें. आंकडा सोयऱ्यांना सांगूं नये. नोकरी सुटली तर परत येण्याचें भाडें मुलाच्या हातीं आधींच देऊन ठेवावें. तें त्यानें जपून ठेवलें आहे ना, एवढेंच मधून मधून विचारावें. त्या पुण्याच्या मुलाकडे तेवढेहि उरलें नव्हतें. शेवटीं त्याचा थोरला भाऊ जाऊन त्याला घेऊन आला. आतां तो नांदेडास एका दुकानाचे हिशेब पाहतो, आणि रविवारीं घरीं जेवावयास येतो.