नवं कुणाचं?

दिवाळी अंक हातात घेतला की त्यात एक लेख हमखास सापडतो. शीर्षक दरवर्षी वेगळं, मजकूर एकच. लेखक बहुधा पुरुष, साठी ओलांडलेला, मुक्काम पुणे किंवा दादर. त्याला आईच्या हातची चकली आठवते, चकलीचे काटे आठवतात, चुलीचा धूर आठवतो, आणि शेवटच्या परिच्छेदात 'आता घरोघर पाकिटं फुटतात' असं म्हणून तो डोळे पुसतो. मी हे लेख चाळीस वर्षं वाचते आहे. मराठी शाळेत शिकवत होते तेव्हा त्यांतले दोन-तीन मुलांना वाचूनही दाखवले, त्याबद्दल आज त्या मुलांची माफी मागते. कारण इतक्या वर्षांत 'मी आईला चकल्या पाडू लागलो' असं त्यांतल्या एकानंही लिहिलेलं मला आठवत नाही.

दसऱ्यापासून आमच्या पेडण्याच्या घरात काय काय शिजलं ते आधी सांगते, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळेल. माझी सून मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. तिला सुट्टी मिळते तेव्हा सण नसतो आणि सण असतो तेव्हा सुट्टी नसते. तरी ह्या महिन्यात तिनं नाचणीचा केक केला, गूळ आणि नारळाचा रस घालून. पहिला खालून करपला, दुसरा मधोमध बसला, तिसरा असा जमला की माझ्या ८८ वर्षांच्या सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. मखाण्यांचा चिवडा झाला. एअर फ्रायरमध्ये चकल्या झाल्या. खरं सांगायचं तर चकल्या कसल्या, काड्याच झाल्या. चकलीला तेल लागतंच, हे तिनंही कबूल केलं. नातवानं नेवऱ्यांच्या सारणात चॉकलेट किसून घातलं. मी नाक मुरडून एक खाल्ली आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून आणखी एक. कोजागिरीला, म्हणजे पेडण्याच्या पुनवेला, जत्रेतून खाजं आलंच, पण घरात मसाला दुधाच्या जोडीला मोमो होते. 'आजी, हा मोदकच आहे, फक्त तिखट,' नातू म्हणाला. उकडलेलं आवरण, वर पाकळ्या. मला काही उलट बोलता येईना.

त्याच संध्याकाळी सावंतवाडीहून आलेले आमचे एक वडीलधारे नातेवाईक हे सगळं बघून म्हणाले, "वहिनी, आपलं असं काही उरलंच नाही हो!" आणि आपलं म्हणून त्यांनी जो पदार्थ पुढ्यात ओढून घेतला तो होता बटाट्याचा तिखट पातळ रस्सा आणि पाव.

आता बटाटा आणि पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज. बटाटा, मिरची, काजू, अननस, पेरू, पपई ही सगळी अमेरिकेची प्रजा, समुद्र ओलांडून आलेली. पेडणे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. मिरची ह्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकातच उतरली होती. म्हणजे फिरंगी पेडण्यात यायच्या कितीतरी आधी त्यांची मिरची आमच्या पाट्यावर पोचली असणार. आज हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि आम्ही छाती काढून सांगतो, आमची मिरची! सांगावंच. पण दोन-चारशे वर्षांनी मोमोबद्दलही कुणी छाती काढली तर त्याला हसू नये. एकादशीला साबुदाणा, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा खाऊन आपण जो उपास करतो, तो सगळाच्या सगळा अमेरिकेचा आहे, आणि देवानं आजवर तक्रार केलेली नाही.

फार कशाला, 'दिवाळीचा फराळ' तरी आमचा कुठला? माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. आमच्या लहानपणी नेवऱ्या, चकल्या, लाडू चवथीचे. दिवाळी म्हणजे फोव. पहाटे नरकासुर जळायचा, अभ्यंग व्हायचं, तुळशीपुढे डाव्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि मग फोव: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, फोडणीचे. जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्याचं आंबट-गोड. ह्या घरातून त्या घरात जायचं, प्रत्येक ठिकाणी चमचाभर खायचंच. फराळ हा शब्दच आमच्या घरात मुंबईच्या आत्याच्या डब्यातून आला. त्या डब्यातला चिवडा हा तेव्हाचा मखाणा होता. माझ्या आजीनं त्याला नावं ठेवली नाहीत. डबा रिकामा करून त्यात फोव भरून परत पाठवला.

ह्यावर कुणी विचारील, बाई, फोव म्हणता की पोहे? हाही आपला एक जुना आजार. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला त्याच्या आधी आणि नंतर आमच्या घराघरांत ह्या एका शब्दावरून जेवणाची ताटं सरकवली गेली आहेत. एकाच पंगतीत एक भाऊ 'पोहे वाढ' म्हणायचा आणि दुसरा मुद्दाम 'फोव' म्हणून ओरडायचा, आणि वाढणारी बाई गप्प उभी, कारण तिला दोन्ही ठाऊक होते. मी शाळेत मराठी शिकवली, घरात पेडण्याची बोली बोलले, लिहिताना मराठी लिहिते. ह्यात मला कधी अडचण पडली नाही. अडचण सभेत बोलणाऱ्यांना पडते. आपण शब्द कुणाचा ह्यावर पुढच्या पिढीला पुरेल एवढं भांडलो. तांदूळ कुणाचा, हे कुणी विचारलं का?

आमच्या घरात विचारलं. गेल्या वर्षी चतुर्दशीला पाच तऱ्हेचे फोव केले होते. सासूबाईंनी घास तोंडात घातला, थोडा वेळ चावला आणि एवढंच विचारलं, "फोव खंयचे?" मी म्हटलं, "आई, बाजारचे." त्या म्हणाल्या, "तां कळला." पुढे बोलल्या नाहीत. पाकिटावर बघितलं तर ते तिसऱ्याच राज्यातल्या गिरणीतलं होतं.

इथं मी मघाच्या त्या लेखकाच्या वाटेनं जाणार नाही. घरचे फोव काय प्रकार होता, ते मला माहीत आहे. भात भिजत घालायचं, उपसायचं, मडक्यात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात घालून दोघींनी आळीपाळीनं मुसळ मारायचं. थांबलं की थंड होतं आणि कणी होते. आई आणि काकू कांडायला उभ्या राहिल्या की दिवेलागणीपर्यंत त्यांचे खांदे भरून यायचे. तळहाताला फोड आलेल्या आईला कुणी 'ही आपली संस्कृती' म्हणून सांगितलं असतं तर तिनं तेच मुसळ उचललं असतं. गिरणी आली, बरं झालं. पाकीट आलं, तेही बरं झालं. सून पहाटे चारला कामावरून येऊन उखळापाशी उभी राहावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण कांडण सुटलं म्हणून शेत सुटायचं काय कारण? गिरणीत दळायला भात लागतंच ना? ह्या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधल्या आणि एकदम टाकून दिल्या.

माझ्या माहेरच्या शेताला लागून ओहोळ होता. वर खाणींचे ढिगारे. पावसात तांबडा गाळ ओहोळातून खाली यायचा आणि चिखल वाळला की शेतावर विटेसारखा थर बसायचा. वडिलांनी काही वर्षं तो खरवडून काढला, मग नुकसानभरपाई घेतली, मग भावानं ट्रक घेतला. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि शेत तर आधीच गेलेलं. २०१८ साली पुन्हा तेच. आता २०२४ पासून डिचोलीच्या एका पट्ट्यात पुन्हा खनिज निघू लागलं आहे आणि भावाचा मुलगा विचारतो, ट्रक घेऊ का?

सासरी पेडण्याला खाण नव्हती, म्हणून मी सुखानं नांदले. इथं सरद व्हायची आणि पाणी असेल तिथं वायंगणही. मग मजूर मिळेनासे झाले, रानडुकरं आणि मोर यायला लागले, मुलगे नोकरीला लागले. ११ वर्षांपूर्वी यजमानांनी विचारलं, यंदा लावायचं का? मी म्हटलं, कशाला तो खटाटोप, तांदूळ काय बाजारात मिळत नाही? हे वाक्य माझं आहे. सरकारचं नाही, दलालाचं नाही, परप्रांतीयाचं नाही. त्या वर्षापासून शेत पडीक आहे. बांध फुटला आहे आणि मधोमध झुडपं माजली आहेत.

आमच्याकडे भाताची नवी कणसं आंब्याच्या पानांबरोबर चौकटीला बांधतात, त्याला 'नवं' म्हणतात, हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. यंदा ते नवं मी बाजारात वीस रुपयांना जुडी असं विकत घेतलं. गेली दहा वर्षं तेच करते आहे. स्वयंपाकघरात नवं काय शिजतंय ह्यावरून ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांतल्या एकानंही माझ्या दाराकडे बोट दाखवून हे कुणाच्या शेतातलं म्हणून विचारलं नाही. नाचणीच्या केकला विचारतात! आणि त्या केकची नाचणी तरी सून सत्तरीतल्या एका ओळखीच्या बाईकडून मागवते. कुठली नाचणी, कुणी पेरली, हे तिला ठाऊक असतं. माझ्या फोवांचं मला सांगता येत नाही. मग परंपरा कोण पाळतंय, मी की ती?

विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो सुनेचा पगार देतो आणि त्याच विमानतळामुळे आमच्या पडीक शेताला भाव आला. दोन्ही खरं आहे. एकच सांगून दुसरं लपवणं मला जमत नाही. भातशेती शेतकऱ्याखेरीज दुसऱ्याला विकता येऊ नये म्हणून २०२३ साली कायदा झाला. तालुक्याच्या जमिनीचा नवा आराखडा २०२४ साली आला तेव्हा पेडणेकर रस्त्यावर उतरले आणि तो बाजूला ठेवावा लागला. तरीही दलालाचा फोन येतोच. परवा त्याला मी कायदा सांगितला तर हसून म्हणाला, "बाई, वाटा असतात."

वाटा असतात, कारण वाटा देणारी घरं असतात. यजमानांचे भाऊ मुंबईला, एक बेळगावला. त्यांना विकायचं आहे. त्यांचं चूक आहे असं नाही. पडीक जमिनीवर कुणी किती वर्षं प्रेम करायचं? मेरशी राहायला आम्ही, तेव्हा पडीक ठेवल्याचा दोषही आमचा. भाऊबीजेला सगळे एकत्र येणार आहेत. जेवण झाल्यावर कागद पुढे येतील.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला एक नियम अजून चालतो: स्थावर विकायची तर नवऱ्याच्या सहीबरोबर बायकोचीही सही लागते. पोर्तुगिजांनी ठेवून गेलेल्या वस्तूंत मिरचीच्या खालोखाल मला ही सही कामाची वाटते.

सुनेला मी विचारलं, विमानतळाच्या सुट्टीच्या दिवशी बांध घालायला येशील का? ती म्हणाली, "येईन, पण आई, आधी ट्रॅक्टर कोण देतो ते विचारा आणि कुंपणाचा खर्च काढा. नुसतं वाटून भात पिकत नाही." बरोबर बोलली. मी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात जाऊन यंत्राचं भाडं आणि कुंपणाच्या अनुदानाचे अर्ज आणले आहेत. ते फ्रिजवर लावून ठेवलेत, केकच्या कृतीच्या शेजारी.

भाऊबीजेला फोव असतील, बाजारचेच. केक असेल, मोमोही असतील. दीर-जावांना सगळं पोटभर वाढीन. कागदावर मात्र मी सही करणार नाही. मोठ्या दिरांपुढे माझा आवाज नेहमी बसतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून ते आधीच ह्या अंकात छापून ठेवते आहे. अंक त्यांच्याकडेही जातो.