आधी डबे, मग बॅग

मैफलीला जायचं ठरलं की घरातले पुरुष विचारतात, ‘तिकिटं काढली का?’ आणि बायका विचारतात, ‘त्या रात्री घरी जेवायला कोण कोण आहे?’ हसू नका मैत्रिणींनो, आपापल्या घरी आठवून बघा. गाणं ऐकायला जाणं हा आपल्यासाठी अजूनही दोन टप्प्यांचा कार्यक्रम असतो. आधी घराची तयारी, आणि त्यातून वेळ उरलाच तर स्वतःची. पहिल्या टप्प्यातच आपण इतक्या दमतो की मैफलीत विलंबित ख्याल सुरू झाला की डुलकी लागते. मग लोक म्हणतात, बायकांना गाण्यातलं कळत नाही!

मी राहते दिंडोशीला, गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. गोरेगावचं नेस्को इथून जवळच. तिथे मोठमोठे कॉन्सर्ट होतात आणि त्या संध्याकाळी हायवेवर गाड्यांची ही रांग लागते. आमच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुली अशा कॉन्सर्टला निघतात तेव्हा त्यांची तयारी बघण्यासारखी असते. खांद्यावरून आडवी टाकायची एवढीशी पर्स. त्यात पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, एक सॅनिटरी पॅड. पायात बूट, कारण तीन-चार तास उभं राहायचं असतं. गेटवर काय आत नेऊ देतात, काय नाही, ते आधीच वाचलेलं. एकीने तर कानात घालायचे बोळेही घेतले होते. मला गंमत वाटली, पण तिचं बरोबरच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी आवाजाची सरासरी मर्यादा १०० डेसिबल सुचवली आहे आणि कान जपायचे बोळे प्रेक्षकांना मिळावेत, असंही सांगितलं आहे. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की रात्रभर कानात शिट्टी वाजत राहते, हे लग्नाच्या वरातीत आपणही अनुभवलेलं आहे.

मला त्या मुलींचा हेवा वाटला तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या तयारीच्या यादीत फक्त त्या स्वतः होत्या. वरणाला फोडणी कोण देणार, हा प्रश्न यादीत नव्हताच.

आमच्या पिढीची मोठी मैफल म्हणजे पुण्याचा ‘सवाई’. पंडित भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. आम्ही चौघी मैत्रिणी डिसेंबरात तिथे जातो. बॅगेची यादी आता पाठ झाली आहे. शाल, कानटोपी, पायमोजे, बसायला सतरंजी, कंबरेमागे घ्यायला लहान उशी, गोळ्या, कोरडा खाऊ. पुण्याची डिसेंबरातली थंडी मुंबईच्या माणसाला गेल्यावरच कळते. ही बॅग भरायला अर्धा तास लागतो. घर ‘भरायला’ मात्र चार दिवस लागतात. दोन भाज्या, आमटी, दहा-बारा जणांना पुरतील इतक्या पोळ्या, फ्रीजवर चिकटवलेला कागद, दूधवाला, कामवाली, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा. आमच्यातल्या एकीने असे सात डबे नावं घालून ठेवले होते. परत येऊन बघते तर डबे जसेच्या तसे! बाप-लेकांनी दोन्ही दिवस मिसळ आणि पावभाजी खाल्ली होती, तीही मजेत. म्हणजे ती जिची काळजी करत होती ती गरज नव्हतीच. ती होती परवानगीची किंमत, आणि ती कुणी मागितलेली नसताना तिने भरली होती.

‘घरच्यांचं करून गेलं तर बिघडलं काय?’ असं कुणी म्हणेल. बिघडत काहीच नाही. प्रेमाने चार डबे करून ठेवावेत, जरूर ठेवावेत. पण नवरा मैफलीला निघतो तेव्हा त्याची शाल कोण काढून देतं? थर्मासमध्ये चहा कोण भरतं? तेव्हाही आपणच. एकाच मैफलीची दोन्ही बाजूंची तयारी एकाच माणसाने करायची, हा हिशेब काही मला पटत नाही.

गंमत बघा, ज्या संगीतासाठी आपण एवढी धडपड करतो, ते बायकांनी अशीच धडपड करून उभं केलेलं आहे. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या तेव्हा ‘चांगल्या घरच्या’ बाईने व्यासपीठावर बसून गावं, हे लोकांना पटत नव्हतं. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात, संसार मागे ठेवून. गाणाऱ्या बायकांनी तो उंबरठा कधीच ओलांडला. ऐकणाऱ्या बायका मात्र अजून उंबरठ्यात उभ्या आहेत, हातात डबा घेऊन.

आता रात्रीची गोष्ट. पूर्वी सवाई रात्रभर चालायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत मिळते, तेवढीच. झोपेची गरज असलेल्या आजारी माणसांच्या, लहान मुलांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. पण लोक म्हणतात, ‘बायकांची सोय झाली, लवकर घरी जाता येतं.’ हे फक्त त्याच गावात राहणाऱ्या बाईला लागू आहे. रात्रभराच्या मैफलीचा एक फायदा होता. सातारा-सोलापूरहून आलेली बाई रात्रभर हजारो माणसांत, उजेडात बसायची आणि पहाटे भैरवी ऐकून पहिली एसटी पकडायची. आता १० वाजता मंडपातून बाहेर पडलं की प्रश्न उभा राहतो, रात्र कुठे काढायची? ज्यांचं पुण्यात कुणी नाही, त्या शेवटचा कलाकार बसायच्या आधीच उठतात. म्हणजे तिकीट पूर्ण आणि गाणं अर्धं. म्हणून जायचं ठरवताना तिकिटाच्या आधी मुक्काम ठरवा. चार जणींनी मिळून एक खोली घेतली तर खर्चही वाटला जातो. मुंबईत रात्रीच्या लोकलने यायचं असेल तर महिलांच्या डब्यावरची पाटी वाचूनच चढा. काही डबे २४ तास महिलांसाठी असतात, काही रात्री ११ नंतर सर्वांना खुले होतात.

आणि एक विषय, जो पुरवणीतही कुणी लिहीत नाही. कार्यक्रमाला निघायच्या आधी आपण पाणी पीत नाही. का, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चार-पाच तास मांडी घालून बसायचं आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एकतर नाही, असलं तर लांब, अंधारात, नळाला पाणी नसलेलं. २०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली ती याच साध्या हक्कासाठी. एका कार्यक्रमात आयोजकांनी व्यासपीठाला फुलांची इतकी सुंदर सजावट केली होती की डोळ्यांचं पारणं फिटलं, पण बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. आम्ही दोघी-दोघी जात होतो, एक आत आणि एक दार धरून. फुलांच्या एका माळेच्या पैशात कडी आली असती. तयारी फक्त श्रोत्यांनीच करायची असते का?

आता तर मैफल गावोगावी पोचली आहे. दिवाळी पहाट आज लहान लहान गावांतही होते. पण पहाटे साडेपाचला गाणं सुरू होणार म्हणजे उटणं, अभ्यंगस्नान, रांगोळी, फराळाची ताटं हे सगळं आटपून बाईने पोचायचं कधी? ती पोचते तेव्हा निम्मा कार्यक्रम झालेला असतो आणि पुढच्या खुर्च्या भरलेल्या असतात. यंदा घरात एवढंच सांगून बघा की पाणी तापवणं आणि फराळ मांडणं त्या एका पहाटे दुसरं कुणीतरी करेल. शिवाय तुमच्या गावच्या आयोजकांना आधीच तीन प्रश्न विचारा. कार्यक्रम किती वाजता संपणार? बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय काय? शेवटच्या एसटीच्या आधी तो संपेल का? दहा जणींनी मिळून विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. माहेरी जायला, देवाला जायला आपण ते वापरतोच. एकदा गाण्याला जायलाही वापरू या. शाल घ्या, पाण्याची बाटली घ्या, जरुरीचे फोन नंबर कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइलची बॅटरी ऐन वेळी संपते. आणि डबे करायचेच असले तर दोन करा, सात नकोत. बाकीचं घरातले शिकतील. नाहीच शिकले, तर गावात मिसळ मिळते.